गच्ची तपासायला ड्रोन आला, पण मुंबईच्या इमारतींचं दुखणं त्याला दिसतं का?

एप्रिल-मे उजाडला की मुंबईच्या उपनगरांतल्या हाउसिंग सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विषय असतो, गळती. वरच्या मजल्यावरचे लोक छताला आलेल्या ओलीचे फोटो टाकतात, सेक्रेटरी कोटेशन मागवल्याचं सांगतात आणि कुणीतरी मागच्या वॉटरप्रूफिंगच्या दहा वर्षांच्या गॅरंटीची आठवण काढतं. आता या कोटेशनांमध्ये एक नवी ओळ दिसू लागली आहे, ड्रोनने टेरेसची तपासणी.

वर उडणारा कॅमेरा, रंगीत थर्मल फोटो, इमारतीचं थ्रीडी मॉडेल आणि एक जाडजूड पीडीएफ. कमिटीवर छाप पडायला एवढं पुरेसं असतं. पण अंधेरी, घाटकोपर, मुलुंड किंवा बोरिवलीच्या सोसायटीला यातून नेमकं काय कळतं? आणि हा ड्रोन तिथे कायद्याने उडवता तरी येतो का?

ड्रोन काय बघतो?

तपासणीच्या ड्रोनवर साधारण दोन प्रकारचे कॅमेरे असतात. पहिला साधा, पण चांगल्या रेझोल्यूशनचा. ड्रोन गच्चीवरून ठरावीक रेषांमध्ये फिरतो आणि एकमेकांवर बराचसा भाग येईल असे शेकडो फोटो काढतो. सॉफ्टवेअर ते जोडून संपूर्ण गच्चीचा एकच नकाशा बनवतं. त्यात भेगा, फुटलेले चायना मोझॅकचे तुकडे, कठड्याचे उडालेले पोपडे, तुंबलेली पावसाळी पाइपांची तोंडं आणि पाणी साचणारे खोलगट भाग दिसतात.

दुसरा थर्मल कॅमेरा. तो तापमान टिपतो. दिवसभर उन्हात तापलेली गच्ची सूर्यास्तानंतर थंड होऊ लागते. कोरडा भाग लवकर थंड होतो. खाली पाणी मुरलेलं असेल तर तो भाग उशिरा थंड होतो, कारण पाणी उष्णता धरून ठेवतं. फोटोत हा भाग वेगळ्या रंगात उठून दिसतो.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. थर्मल कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही, तापमानातला फरक दिसतो. मुंबईतल्या बऱ्याच गच्च्यांवर स्लॅबच्या वर विटांच्या तुकड्यांचा जाड थर असतो, ज्याला ब्रिकबॅट कोबा म्हणतात. त्यावर मोझॅक किंवा लाद्या. या जाड थराखाली स्लॅबजवळ साचलेली ओल वरून टिपणं कठीण जातं. त्यात पाण्याच्या टाकीची सावली, एसीची बाहेरची युनिट्स आणि शेवाळ यांचेही वेगळ्या तापमानाचे डाग पडतात. थर्मल फोटोतला निळा किंवा लाल डाग हा संशय असतो, निदान नव्हे. त्यानंतर गच्चीचे पाइप बंद करून पाणी साठवून पाहणं, ओलावा मोजणारं यंत्र लावणं, हातोडीने ठोकून कुठे पोकळ आवाज येतो ते ऐकणं, ही जुनीच कामं करावी लागतात.

उतरत्या छपरांचा उपाय सपाट गच्चीवर

छत तपासायला ड्रोन वापरायची पद्धत रुजली ती अमेरिका-युरोपसारख्या ठिकाणी, जिथे घरांची छपरं उतरती असतात. अशा छपरावर चढायला शिडी लागते आणि पाय घसरला तर थेट दवाखाना. वादळ किंवा गारपिटीनंतर हजारो घरांचे विम्याचे दावे येतात, तेव्हा विमा कंपनीच्या माणसाने प्रत्येक छपरावर चढण्यापेक्षा ड्रोन पाठवणं स्वस्त आणि सुरक्षित पडतं.

मुंबईतल्या सोसायटीचं छप्पर म्हणजे सपाट गच्ची. तिथे जायला जिना असतो आणि किल्ली वॉचमनकडे किंवा ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. गच्चीवर चालत जाऊन भेग बघता येते, तिच्यात बोट घालता येतं, कोब्यावर हातोडी मारता येते. जिथे माणूस चपला घालून फेरफटका मारू शकतो, तिथे ड्रोनला फारसं काम उरत नाही. अपवाद मोठ्या संकुलांचा. पंधरा-वीस इमारतींच्या सगळ्या गच्च्यांची एकसारखी नोंद हवी असेल तर नकाशा उपयोगी पडतो, आणि पुढच्या वर्षी तुलनाही करता येते.

दुसरा अपवाद पत्र्यांचा. गच्चीवर टाकलेल्या पावसाळी शेड, चाळींवरचे सिमेंटचे पत्रे, अंधेरीतल्या आंबोली-मरोळसारख्या जुन्या गावठाणांतली कौलारू घरं. सिमेंटचा जुना पत्रा माणसाच्या वजनाने फुटतो आणि त्यावर चढणारा कामगार खाली कोसळतो. अशा छपरावर माणूस न चढवता ते बघता आलं तर तेवढ्यासाठीसुद्धा ड्रोन वापरावा. गंमत अशी की अशा घरांत राहणाऱ्यांकडे ड्रोनचं कोटेशन घेऊन सहसा कुणी जात नाही.

खरा उपयोग भिंतीला

मुंबईतल्या इमारतीला पाणी फक्त वरून लागत नाही. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सांताक्रूझ वेधशाळेत सरासरी दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला जातो, आणि वाऱ्याबरोबर तो आडवा येऊन भिंतींना झोडपतो. बाहेरच्या प्लास्टरला गेलेल्या केसासारख्या भेगा, खिडकीभोवतीचे सांधे, सज्जे, डक्टमधले गळके पाइप आणि भिंतीत मूळ धरलेली पिंपळाची रोपं इथून पाणी आत शिरतं. समुद्रावरच्या खाऱ्या हवेतले क्षार काँक्रीटमध्ये उतरतात, आतली सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि बाहेरचं काँक्रीट फोडते. रस्त्यावरून बघणाऱ्याला फक्त निघालेला रंग दिसतो.

आठव्या मजल्याचा सज्जा खालून तपासायचा कसा? सध्याचे मार्ग दोन. एक तर बांबूची परांची बांधायची. तिला वेळ लागतो, पैसे लागतात, आणि घरांच्या खिडक्यांसमोर ती आठवडेच्या आठवडे उभी राहते. नाहीतर दोराला टांगलेल्या झुल्यावर माणूस सोडायचा. परांची किंवा झुल्यावरून पडून कामगार दगावल्याच्या बातम्या मुंबईकरांना नव्या नाहीत.

इथे मात्र ड्रोन उपयोगाचा आहे. तो भिंतीपासून काही मीटरवर थांबून प्रत्येक सज्जाचा, प्रत्येक पाइपच्या सांध्याचा फोटो काढतो. कुठल्या मजल्यावर, कुठल्या बाजूला सळई उघडी पडली आहे, याची यादी दुरुस्तीचं कंत्राट देण्याआधीच सोसायटीच्या हातात येते. मग ठेकेदाराने सगळ्या इमारतीचं प्लास्टर काढावं लागेल असं सांगितलं तर किती चौरस फूट आणि का, हे विचारता येतं. मोठ्या दुरुस्तीसाठी प्रत्येक फ्लॅटमागे लाखांत वर्गणी निघते, काही घरं त्यासाठी कर्ज काढतात. त्या हिशेबाला फोटोंचा आधार मिळणं ही ड्रोनची सगळ्यात मोठी कमाई म्हणावी लागेल.

अरुंद डक्टमध्ये मात्र त्याचं चालत नाही. तिथे जीपीएसचा सिग्नल तुटतो, वारा भोवऱ्यासारखा फिरतो, आणि केबल, जाळ्या, वाळत घातलेले कपडे यांत पाती अडकतात. नेमके गळके पाइप तिथेच असतात. शिवाय साधे ड्रोन पावसात उडवता येत नाहीत. गळती ज्या दिवसांत डोळ्यांना दिसते, त्याच दिवसांत ड्रोन पेटीत बंद.

जे वरून दिसत नाही

२५ जुलै २०१७ रोजी घाटकोपर पश्चिमेला दामोदर पार्क भागातली सिद्धी साई ही चार मजली इमारत कोसळली. १७ जणांचा जीव गेला. तळमजल्यावर चाललेल्या फेरफारांत इमारतीच्या खांबांना धक्का लावल्याचा आरोप पुढे आला आणि त्यावरून गुन्हा दाखल झाला. त्या सकाळी गच्चीवर जगातला सर्वांत महागडा ड्रोन फिरवला असता तरी त्याला काही वावगं दिसलं नसतं. दुखणं तळमजल्यावर, चार भिंतींच्या आत होतं.

ऑगस्ट २०२२ मधल्या दोन घटनाही बघण्यासारख्या आहेत. मुलुंड पूर्वेच्या नाणेपाडा भागात एका जुन्या इमारतीत घराच्या छताचा भाग कोसळून वृद्ध दाम्पत्याचा मृत्यू झाला. त्याच आठवड्यात बोरिवली पश्चिमेच्या साईबाबा नगरमधली गीतांजली ही चार मजली इमारत अक्षरशः बसली, पण जीवितहानी झाली नाही. ती इमारत धोकादायक ठरवून आधीच रिकामी करण्यात आली होती. लोक वाचले ते इमारतीचा निकाल वेळेवर लागला म्हणून, आणि तो अमलातही आला म्हणून.

हा निकाल देणारी व्यवस्था कायद्यात आहे. मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३-बी नुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतीची तपासणी पालिकेकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घेणं बंधनकारक आहे. सहकारी सोसायट्यांचे आदर्श उपविधी आणखी कडक आहेत. १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी करायचं असतं. ऑडिटवरून इमारत सी-१, सी-२ए, सी-२बी किंवा सी-३ या वर्गांत टाकली जाते. सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, रिकामी करून पाडायची. २०२४ च्या पावसाळ्याआधी पालिकेने जाहीर केलेल्या यादीत अशा १८८ इमारती होत्या, आणि त्यातल्या बहुसंख्य उपनगरांतल्या होत्या.

हे ऑडिट काँक्रीटच्या आत डोकावतं. रिबाउंड हॅमरने पृष्ठभागाचा कणखरपणा बघतात. अल्ट्रासोनिक लहरी आरपार पाठवून आतल्या पोकळ्या शोधतात. हाफ-सेल चाचणीतून सळई गंजण्याची शक्यता कळते, आणि गरज पडली तर कोअर कापून प्रयोगशाळेत दाबून बघतात. यातलं एकही काम उडता कॅमेरा करू शकत नाही. त्याचे फोटो ऑडिटला जोडता येतात, इंजिनिअरने कुठे चाचणी घ्यावी हे ठरवायला मदत करतात, पण ३५३-बी च्या प्रमाणपत्राची जागा घेऊ शकत नाहीत. चकचकीत ड्रोन रिपोर्टला ऑडिट समजून कमिटीने विषय बंद केला, तर इमारतीचं वय तेवढ्याने थांबत नाही.

आणि उडवायचा कसा?

केंद्र सरकारच्या ड्रोन नियम २०२१ नुसार देशाचं आकाश ग्रीन, येलो आणि रेड अशा तीन झोनमध्ये विभागलं आहे. ग्रीनमध्ये परवानगी लागत नाही. येलोमध्ये एअर ट्रॅफिक कंट्रोलची लागते आणि रेडमध्ये थेट केंद्र सरकारची. एरवी ग्रीन झोन जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत असतो. पण चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात तो २०० फुटांवरच संपतो, आणि त्याहून जवळ आलं की बंधनं आणखी वाढतात.

आता हा हिशेब उपनगरांवर ठेवून बघा. अंधेरी तर विमानतळाला चिकटून आहे, शिवाय पलीकडे जुहूची धावपट्टी. घाटकोपर उड्डाणमार्गाच्या जवळ. २८ जून २०१८ ला एक छोटं चार्टर विमान घाटकोपरच्या सर्वोदय नगरमध्ये बांधकामाच्या जागेवर कोसळून पाच जणांचा बळी गेला होता, ते बऱ्याच जणांना आठवत असेल. या दोन्ही भागांत परवानगीशिवाय ड्रोन वर नेण्याचा प्रश्नच येत नाही. मुलुंडचा बराचसा भाग ढोबळमानाने ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात येतो. २०० फूट म्हणजे साधारण वीस मजले. मुलुंडमध्ये आता त्याच्या दुप्पट उंचीचे टॉवर उभे आहेत, म्हणजे टॉवरची खालची अर्धी भिंत ग्रीनमध्ये आणि वरची अर्धी येलोमध्ये. बोरिवली त्या पट्ट्याच्याही पलीकडे, पण तिला लागून संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. उद्यानावरून ड्रोन उडवायचा तर वन विभागाला विचारावं लागतं. आपली इमारत नेमकी कुठल्या झोनमध्ये आहे हे डिजिटल स्काय पोर्टलच्या नकाशावर कुणालाही मोफत बघता येतं, आणि शेवटचा शब्द त्या नकाशाचा.

झोन ग्रीन निघाला तरी मुंबईत आणखी एक पायरी आहे. मुंबई पोलीस वेळोवेळी मनाई आदेश काढून शहराच्या हद्दीत ड्रोन, पॅराग्लायडर, हॉट एअर बलून यांसारख्या गोष्टी उडवायला बंदी घालतात. पूर्वी हे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत, जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. मुदत थोड्या दिवसांची असते, पण ती संपली की पुन्हा नवा आदेश येतो. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान तणावाच्या काळातही अशी बंदी होती. पोलिसांची लेखी परवानगी असेल तर सूट मिळते. नसेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि ड्रोन नियमांखालचा एक लाख रुपयांपर्यंतचा दंड वेगळा.

'आमचा ड्रोन २५० ग्रॅमपेक्षा हलका आहे, त्याला काही लागत नाही' हे वाक्य बरेच जण ऐकवतात. ते अर्धंच खरं आहे. अशा नॅनो ड्रोनसाठी पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. २ किलोपर्यंतच्या मायक्रो ड्रोनलाही बिगरव्यावसायिक वापरात सूट आहे, पण सोसायटीकडून फी घेऊन केलेली तपासणी व्यावसायिकच ठरते. आणि झोनची बंधनं, पोलिसांचा मनाई आदेश हे वजन बघत नाहीत. शिवाय फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आयात करायला बंदी आहे. त्यामुळे बाजारात दिसणारा नवाकोरा चिनी ड्रोन देशात आला कसा, हाही प्रश्न उरतोच. देशी पर्याय आहेत. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांची आयडियाफोर्ज ही नवी मुंबईतली कंपनी, 'थ्री इडियट्स'मधला ड्रोन त्यांचाच होता, जुलै २०२३ मध्ये शेअर बाजारात आली. पण तिचा मुख्य ग्राहक लष्कर आणि पोलीस, सोसायट्या नव्हेत.

सरकारी यंत्रणा मात्र ड्रोन सर्रास वापरतात. स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोनने झाली, आणि त्याचा पहिला प्रयोग पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात झाला होता. धारावीच्या पुनर्विकासाच्या सर्वेक्षणातही ड्रोन होते. मोठं क्षेत्र, वरून मोजणी, हातात परवानगी, अशी ती कामं आहेत. एका सोसायटीच्या एका दिवसाच्या तपासणीसाठी तोच परवानगीचा डोंगर चढायचा म्हटलं तर बरेच ठेकेदार परवानगीची गोष्टच काढत नाहीत. 'पाच मिनिटांत उडवून खाली घेऊ' असं सांगतात. पोलीस आले तर उत्तर द्यायला गच्चीवर ठेकेदाराबरोबर सेक्रेटरीही उभे असतात.

समोरच्या खिडकीचं काय?

उपनगरांत दोन इमारतींमधलं अंतर कधीकधी इतकं कमी असतं की समोरच्या स्वयंपाकघरातल्या शिट्ट्या मोजता येतात. भिंतीचा फोटो काढणाऱ्या ड्रोनच्या कॅमेऱ्यात शेजारचं बेडरूम येणारच. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे. महिलेच्या खासगी क्षणांचं चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. शेजारच्या सोसायटीलाही आधी लेखी कळवणं, दिवस-वेळ नोटीस बोर्डावर लावणं आणि फुटेज कुणाकडे राहील हे करारात लिहिणं, एवढं तरी व्हायला हवं.

याशिवाय एक न बोललं जाणारं भय असतं. गच्चीवरची कायमची झालेली 'तात्पुरती' शेड, वरच्या मजल्याने वाढवलेली खोली, बंद केलेल्या बाल्कन्या, हे सगळं थ्रीडी मॉडेलमध्ये सेंटिमीटरपर्यंत मोजून येतं. तो फोटो उद्या वॉर्ड ऑफिसात पोहोचला तर? एजीएममध्ये ड्रोनच्या ठरावाला होणाऱ्या विरोधामागे कधीकधी हेच कारण असू शकतं, मुद्दा म्हणून मात्र खर्चाचा मांडला जातो.

कोटेशन आलंच तर

ड्रोन तपासणी 'मोफत' असेल आणि देणारा वॉटरप्रूफिंगचाच ठेकेदार असेल, तर रिपोर्टच्या शेवटी काय लिहिलेलं असणार याचा अंदाज न उडवताही बांधता येतो. तपासणी करणारा आणि दुरुस्ती करणारा वेगळा असावा.

विचारायच्या गोष्टी थोड्याच आहेत. इमारतीचा झोन दाखवणारा डिजिटल स्कायचा नकाशा, ड्रोनचा नोंदणी क्रमांक, पायलटचं प्रमाणपत्र, पोलिसांची लेखी परवानगी आणि ड्रोन कुणाच्या गाडीवर किंवा डोक्यावर पडला तर त्यासाठीचा थर्ड पार्टी विमा. थर्मल फोटो कुठल्या वेळी काढणार हेही विचारावं. भर दुपारी काढतो म्हणाला तर कोरडं-ओलं सगळंच तापलेलं असतं, तेव्हा त्याला संध्याकाळी बोलवावं. आणि काढलेले मूळ फोटो, सगळेच्या सगळे, सोसायटीला मिळायला हवेत. निवडक दहा फोटोंची पीडीएफ पुरेशी नाही.

आदर्श उपविधींनुसार गच्ची, बाहेरच्या भिंती आणि पावसाच्या पाण्याची गळती यांची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने होते, एकट्या वरच्या मजल्यावाल्याच्या नाही. म्हणजे ड्रोनचा खर्चही सगळ्यांचाच. तो करायचा असेल तर मे संपायच्या आत आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला सोबत घेऊन, म्हणजे कुठला सज्जा जवळून बघायचा हे तो त्याच वेळी सांगू शकेल. तीसच्या पुढे गेलेल्या इमारतीने मात्र आधी ऑडिटचे पैसे बाजूला काढावेत. त्यातून उरले तर ड्रोन.